प्लॅस्टिकच्या क्लॅरिनेटनंतर पुढचे वाद्य: मधल्या दर्जाचे नवे की वरच्या दर्जाचे वापरलेले?

शालुमो:

नमस्कार. गेली साडेपाच वर्षे मी एबीएस प्लॅस्टिकचे, नवशिक्यांसाठी बनवलेले बी फ्लॅट क्लॅरिनेट वाजवते आहे. दोन वर्षांपासून हौशी वादकांच्या वाद्यवृंदात दुसऱ्या क्लॅरिनेटचा भाग माझ्याकडे असतो, आणि तेव्हापासून या वाद्याच्या मर्यादा रोज जाणवू लागल्या आहेत. निदान त्या वाद्याच्याच मर्यादा आहेत, असे मी आजवर समजत आले आहे.

तक्रारी तीन आहेत. थ्रोट टोन, म्हणजे खालच्या स्वरभागातले सर्वांत वरचे काही स्वर, आणि विशेषतः त्यांतला शेवटचा बी फ्लॅट, पोकळ आणि घोगरा लागतो. तिथून ब्रेक, म्हणजे खालच्या आणि वरच्या स्वरभागांमधली सीमा, ओलांडून बी घेताना तो कधी लगेच उमटतो, तर कधी नुसती फुंक ऐकू येते, आणि सामूहिक तालमीत हे फार लाजिरवाणे होते. तिसरे म्हणजे अल्टिसिमोमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्वरभागात, ई आणि त्यावरचे स्वर उतरलेले लागतात. ते वर ओढण्यासाठी मी ओठ इतके आवळते की अर्ध्या तासात जबडा दुखू लागतो. माउथपीस वाद्याबरोबर पेटीत आला होता तोच आहे आणि रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी; क्रमांक जितका मोठा, तितकी ती कडक) अडीच क्रमांकाची वापरते.

माझ्याजवळच्या रकमेत मधल्या दर्जाचे नवे लाकडी वाद्य कसेबसे बसते, किंवा व्यावसायिक दर्जाचे वापरलेले. निवड चुकली, तर पुढची काही वर्षे पुन्हा खर्च करण्याची माझी ऐपत नसेल, म्हणून विचारते: यांपैकी कोणता मार्ग शहाणपणाचा? लाकूड खरोखर आवश्यक आहे का? वापरलेले घ्यायचे ठरवले, तर माझ्यासारख्या केवळ वाजवणाऱ्या आणि दुरुस्तीतले काही न कळणाऱ्या व्यक्तीने त्यात नेमके काय पाहावे?

बारावा स्वर:

आपल्या तीन तक्रारींची कारणे तीन वेगवेगळी आहेत, आणि त्यांपैकी निदान दोन तरी नवे वाद्य न घेता बऱ्याच अंशी दूर होण्यासारखी आहेत, असे मला वाटते. त्यामुळे खरेदीचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी निदान करू.

थ्रोटमधला बी फ्लॅट हा क्लॅरिनेटच्या घडणीतलाच तडजोडीचा स्वर आहे. क्लॅरिनेटची नळी माउथपीसच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते, म्हणून रजिस्टर चावी दाबल्यावर स्वर अष्टक ओलांडून थेट बाराव्या स्वरावर उडी घेतो. हे काम करणारे छिद्र बारीक आणि वरच्या बाजूला असावे लागते. बी फ्लॅट मोकळा वाजण्यासाठी मात्र तेच छिद्र मोठे आणि थोडे खाली असते तर बरे झाले असते. एकाच छिद्राकडून दोन कामे करून घेतल्यामुळे दोन्ही कामे थोडी थोडी अपुरी राहतात. चांगल्या वाद्यात हा दोष सौम्य असतो, पण तो नाहीसा झालेला वाद्यप्रकार माझ्या पाहण्यात नाही. तोवर बी फ्लॅट धरताना उजव्या हाताची दोन किंवा तीन बोटे खालच्या जॉइंटच्या, म्हणजे नळीच्या सुट्या होणाऱ्या खालच्या तुकड्याच्या, छिद्रांवर ठेवून पाहा. कोणती बोटे ठेवल्यावर स्वर भरीव होतो हे प्रत्येक वाद्यात निराळे असते, पण एकदा जुळणी सापडली की स्वरातला फरक लगेच ऐकू येतो.

ब्रेकवरचा बी न लागणे ही मात्र बहुधा हवागळती आहे. त्या स्वरासाठी जवळजवळ सगळी छिद्रे बंद असावी लागतात, त्यामुळे वाद्यात कुठेही पॅड, म्हणजे चावीखालची छिद्र झाकणारी गादी, नीट बसत नसेल, तर त्याची शिक्षा या एका स्वराला भोगावी लागते. खालच्या जॉइंटवर करंगळीच्या चाव्यांपाशी कावळ्याच्या पायासारखा एक फाटे असलेला तुकडा असतो. एक चावी दाबली असता खालची दोन मोठी पॅड एकाच क्षणी बंद करण्याचे काम तो करतो. तो केसभर वाकला, तरी एक पॅड आधी टेकते, दुसरे अर्धवट उघडे राहते, आणि आपल्याला वाटते की आपली फुंकच कमी पडते आहे. चाव्या नेहमीपेक्षा जोरात दाबल्यावर बी लागत असेल, तर गळतीबद्दल शंका उरत नाही.

अल्टिसिमो उतरण्यामागे मऊ रीड आणि सामान्य प्रतीचा माउथपीस ही जोडी असण्याची शक्यता अधिक. म्हणून माझा सल्ला असा, की सध्याचे वाद्य एखाद्या जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावे आणि एक चांगला माउथपीस घ्यावा. उद्या वाद्य बदलले, तरी माउथपीस आपल्याकडेच राहतो, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही. व्हॅन्डोरेनच्या माउथपीसांमध्ये ५आरव्ही लायरचे टोक सुमारे १.०९ मिलिमीटर उघडे असते, एम-३० चे १.१५ आणि बी-४५ चे जवळपास १.२. टोक जितके उघडे, तितकी रीड साधारणपणे मऊ लागते, म्हणून माउथपीस बदलताना रीडचे क्रमांकही वर-खाली करून पाहावेत. जुनीच रीड नव्या माउथपीसवर लावून निकाल देऊ नये. आणखी एक बारकावा: व्हॅन्डोरेनचे काही माउथपीस ‘सीरीज १३’ या नावाने मिळतात आणि ते ए, म्हणजे वाद्यवृंद ज्यावर जुळवतो तो स्वर, ४४० हर्ट्झचा धरून केलेले असतात. आपला वाद्यवृंद ४४२ वर जुळवत असेल, तर ते नकळत घेऊ नयेत. ४४० आणि ४४२ मध्ये सुमारे ८ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या बाराव्या हिश्शाइतका फरक आहे. एकट्याने वाजवताना तो जाणवणार नाही, पण शेजारी बासरी असेल तर नक्की जाणवेल.

शालुमो:

आपला सल्ला वाचून प्रथम थोडी निराश झाले, कारण मनाने मी नव्या वाद्याची पेटी केव्हाच उघडली होती. तरीही वाद्य दुरुस्तीला दिले. कारागिराने खालच्या जॉइंटची दोन आणि वरच्या जॉइंटचे एक पॅड बदलले, तो कावळ्याचा पाय सरळ केला, आणि ब्रेकवरचा बी आता दहापैकी दहा वेळा लागतो. साडेपाच वर्षांत मी वाद्य एकदाही तपासून घेतले नव्हते, हे कबूल करायला हवे. तीन माउथपीस आठवडाभर वाजवून पाहिले आणि एम-३० वर तीन क्रमांकाची रीड ठरवली. अल्टिसिमोचा ई आता थोडासाच उतरतो आणि जबडाही दुखत नाही.

परंतु काही गोष्टी राहिल्याच. हळू आवाजात वरच्या भागातला स्वर सुरू करताना तो हवा तेव्हा उमटत नाही. सलग स्वर घेताना एखादा स्वर मध्येच उजळ, तर शेजारचा मंद वाजतो. ट्यूनर लावून पाहिले तर खालचे एफ आणि जी उतरलेले, आणि रजिस्टर चावी दाबून मिळणारे त्यांचे वरचे जोडीदार सी आणि डी चढलेले लागतात. एकाला सांभाळावे तर दुसरा बिघडतो. हे तरी वाद्याचेच दोष मानावेत ना?

बारावा स्वर:

हे मात्र वाद्याचेच. स्वररंध्रांची जागा, त्यांचा आकार आणि आतल्या पोकळीचा, म्हणजे बोअरचा घाट यांवर बाराव्या स्वरांची, म्हणजे खालचा स्वर आणि रजिस्टर चावीने मिळणारा त्याचा वरचा जोडीदार यांची, जुळणी ठरते, आणि ती कोणत्याही कारागिराला पॅड बदलून सुधारता येत नाही. आता खुशाल पुढचे वाद्य पाहा. मात्र एम-३० आणि आपल्या परिचयाची रीड घेऊनच पाहायला जा. नाहीतर आपण वाद्याची नव्हे, दुकानातल्या माउथपीसची परीक्षा घ्याल.

कॉर्क आणि पॅड:

मी सुषिर वाद्यांची दुरुस्ती करतो. वापरलेले वाद्य तपासण्याविषयी शालुमो यांनी विचारले आहे, म्हणून लिहितो; थोडे लांबेल.

हत्यारांशिवाय करता येणारी आणि सर्वांत उपयोगी परीक्षा गळतीची. वरचा जॉइंट सुटा घ्यावा, छिद्रांवर बोटे नेहमीसारखी ठेवावीत, खालचे तोंड तळहाताने बंद करावे आणि वरच्या तोंडाने हवा ओढून घ्यावी. ओढलेली हवा काही सेकंद तशीच राहिली पाहिजे आणि तोंड बाजूला केल्यावर ‘टप्’ असा आवाज आला पाहिजे. ओढताक्षणी हवा आत येत असेल, तर एखादे पॅड तरी बसत नाही. खालच्या जॉइंटवर हेच करावे. नेमके कोणते पॅड हे शोधायचे, तर अगदी पातळ कागदाची चिंचोळी पट्टी पॅडखाली ठेवावी, चावी हलकेच बंद करावी आणि पट्टी ओढून पाहावी. पॅडच्या चारही बाजूंना ती सारख्याच ताणाने अडली पाहिजे. गळती आढळली म्हणून वाद्य टाकाऊ ठरत नाही. पॅड झिजतातच, ती बदलण्यासाठीच असतात. फक्त तो खर्च वाद्याच्या किमतीत मनातल्या मनात मिळवून मगच सौदा करावा. सर्व पॅड, कॉर्क आणि स्प्रिंगा बदलण्याचे काम निघाले, तर सामान्य वाद्याच्या बाबतीत ते चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला असे होते. चांगल्या वाद्याच्या बाबतीत मात्र तोच खर्च सार्थकी लागतो. मी ओळखीच्या लोकांना हाताशी असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवायला सांगतो आणि उरलेल्या रकमेलाच आपली मर्यादा मानायला सांगतो.

त्यानंतर लाकूड पाहावे. चिरा बहुतेक वेळा वरच्या जॉइंटला जातात, आणि तिथेही वरच्या टोकाकडे, ट्रिल चाव्यांच्या छिद्रांजवळ. प्रखर उजेडात जॉइंट हळूहळू फिरवून पाहावा. लाकडाच्या रेषा नैसर्गिक असतात, पण एखादी रेष छिद्राच्या काठापर्यंत जाऊन थांबत असेल किंवा नखाला लागत असेल, तर ती चीर समजावी. जुनी, नीट भरलेली आणि पिना घालून बसवलेली चीर मी दोष मानत नाही, किंमत कमी करून घेण्याचे कारण मानतो. छिद्राच्या आरपार गेलेली किंवा टेननमधली, म्हणजे दुसऱ्या तुकड्यात बसणाऱ्या कॉर्क लावलेल्या टोकातली, चीर असेल, तर वाद्य परत द्यावे. दोन जॉइंट जोडल्यावर ते एकमेकांत डुलतात का हेही पाहावे. थोडे डुलणे कॉर्क बदलून थांबते, पण लाकूडच झिजले असेल तर काम वाढते.

चाव्यांच्या बाबतीत चकाकीकडे दुर्लक्ष करावे. निकेलचा मुलामा की चांदीचा, हा बोटांच्या सवयीचा आणि घामाचा प्रश्न आहे. चावी बोटाने बाजूला हलवून पाहावी. ती आपल्या दांड्यावर खुळखुळत असेल, तर पॅड दर वेळी निराळ्या जागी बसते आणि अशा वाद्याची गळती कायमची जात नाही. दोन जॉइंटांच्या मध्ये जो पूल असतो, म्हणजे वरच्या चाव्यांची हालचाल खालच्यांशी जोडणारा तुकडा, तो वाकलेला नसावा. तपासण्याचा सोपा मार्ग असा: दोन्ही हातांची पहिली बोटे ठेवून मिळणारा वरचा बी फ्लॅट वाजवावा. तो साफ लागला, तर पूल जागेवर आहे.

मग अंक. चांगल्या लाकडी वाद्याच्या वरच्या आणि खालच्या जॉइंटवर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि दोन्हीकडे तो एकच असायला हवा. वेगळा असेल, तर दोन निरनिराळ्या वाद्यांचे तुकडे जोडलेले आहेत आणि स्वरांच्या जुळणीची खात्री देता येत नाही.

शेवटी बोअर. आजची बहुतेक फ्रेंच घडणीची वाद्ये १४.६ ते १४.७ मिलिमीटरच्या आसपास असतात. जुन्या इंग्रजी वाद्यांत, उदाहरणार्थ बूझी अँड हॉक्सच्या ‘१०१०’ या नमुन्यात, बोअर १५.२ मिलिमीटरच्या घरात असतो आणि त्याला त्याचाच माउथपीस लागतो. तुमचा एम-३० त्यावर बसेल, वाजेलही, पण वाद्य सुरात राहणार नाही. स्वर मोठा आणि देखणा असतो, म्हणून लोक मोहात पडतात. मलाही ते वाद्य प्रिय आहे. तुमच्या परिस्थितीत मात्र ते घेऊ नका.

साधी फुंक:

लाकूड आवश्यक आहे का, हा प्रश्न मागेच राहिला. माझे उत्तर: नाही.

नळीच्या भिंतीचा पदार्थ स्वराचा रंग ठरवतो, ही समजूत फार जुनी आहे आणि तिला प्रयोगांचा आधार मिळालेला नाही. जॉन बॅकस यांनी १९६४ साली सुषिर वाद्यांच्या भिंतींच्या कंपनांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांचा निष्कर्ष असा होता की भिंतीच्या कंपनांचा स्थिर स्वरावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, पण आतून सारख्याच घडणीच्या बासऱ्या पडद्याआडून वाजवून दाखवल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. प्रयोग बासरीवरचा आहे हे मान्य, पण थरथरतो तो आतल्या हवेचा स्तंभ, हे दोन्हीकडे सारखेच.

मग लाकडी वाद्ये चांगली का वाजतात? कारण कारखाने आपली सर्वांत काळजीपूर्वक केलेली कामे लाकडातच करतात. स्वररंध्रांचे आतले काठ हाताने सावरणे, बोअरला जागोजागी वेगवेगळा घाट देणे, चाव्या नेमक्या जुळवणे, हे सारे महागड्या श्रेणीत होते, आणि महागडी श्रेणी लाकडाची असते. श्रेय कारागिरीचे, टाळ्या लाकडाला. म्हणून ‘लाकडी’ या एका शब्दापोटी स्वस्तातले लाकडी वाद्य घेणे हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. त्यात प्लॅस्टिकच्या वाद्याचीच घडण मिळते आणि वर चीर जाण्याची धास्ती.

एबोनाइटची, म्हणजे कठीण रबराची वाद्येही नजरेखालून घालावीत. माउथपीस याच पदार्थाचे असतात, त्यावर यंत्रकाम अचूक होते आणि थंडी-उन्हाने ते तडकत नाही. बफे क्रॅम्पाँ कंपनीची ‘ग्रीन लाइन’ ही वाद्यश्रेणी १९९४ पासून आहे. तिच्यात ग्रेनाडिला लाकडाची भुकटी सुमारे ९५ टक्के असते आणि उरलेला भाग कार्बन तंतूंचा नि त्यांना धरून ठेवणाऱ्या राळेचा. तीही चिरत नाही, मात्र जोरात पडली तर टेनन तुटू शकते. आपला वाद्यवृंद उघड्यावर वाजवत असेल, तर हा विचार लाकडाच्या देखणेपणापेक्षा महत्त्वाचा आहे.

जाता जाता एक गोष्ट, वाद्य परदेशातून मागवायचे असेल तर: ग्रेनाडिला ज्या झाडापासून मिळते ते ‘डॅल्बर्जिया मेलानोझायलॉन’ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारातल्या, म्हणजे दुर्मिळ जीवजातींच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली आहे. त्यापूर्वीचे सल्ले वाचून घाबरून जाऊ नये.

कॉर्क आणि पॅड:

ध्वनिशास्त्राबाबत वाद घालत नाही. दुरुस्तीच्या टेबलावरून एवढेच सांगतो, की लाकडात छिद्राचा झिजलेला काठ पुन्हा तासता येतो, टेनन नवे बसवता येते, चीर बुजवता येते. एबीएसच्या वाद्याचा चावीचा खांब उखडला, की ती जागा पूर्वीसारखी घट्ट करणे अवघड जाते. वीस वर्षे वापरायच्या वाद्याबाबत हाही एक हिशेब आहे.

एकदा फसलेला:

मी उलट बाजूने लिहितो. वापरलेले वाद्य घेण्याचा सल्ला देणाऱ्यांना बहुधा ते तपासता येते, म्हणून तो सल्ला त्यांना सोपा वाटतो.

काही वर्षांपूर्वी मी एका अनोळखी विक्रेत्याकडून जुने लाकडी क्लॅरिनेट घेतले. छायाचित्रे सुंदर, पेटीला मखमली अस्तर, लाकूड काळेभोर आणि एकही चीर नाही. घरी एकट्याने वाजवताना आनंदाला पारावार नव्हता. पहिल्याच तालमीत सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण मी इतरांपेक्षा जवळजवळ पाव स्वर वर होतो. मी बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, बाहेर ओढत गेलो, तसे थ्रोट टोन उतरले आणि खालचे स्वर चढलेलेच राहिले. नंतर कळले की वरच्या जॉइंटवर नावाखाली ‘एचपी’ ही दोन बारीक अक्षरे कोरलेली होती. ते ‘हाय पिच’चे, म्हणजे ए सुमारे ४५२ हर्ट्झ मानण्याच्या काळातले वाद्य निघाले. ४४० पासून हा फरक ४६ सेंटांहून अधिक आहे. छिद्रांमधले अंतरच त्या मापाचे असल्यामुळे कोणत्याही बॅरलने ते सुधारत नाही. विक्रेत्याने खोटे काही सांगितले नव्हते, हे त्यातले विशेष. मला विचारायचे काय तेच ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी कानाला खडा लावला आणि यामाहाचे वायसीएल-४५० नवे घेतले. ग्रेनाडिलाचे, मधल्या दर्जाचे, हमीसह. त्याच्या स्वरात कोणी कवितेचा विषय शोधू नये, पण ते सुरात आहे, त्याच्या चाव्या पहिल्या दिवसापासून जागेवर आहेत आणि काही बिघडले तर कोणाकडे जायचे हे मला माहीत आहे. पुन्हा खर्च करण्याची ऐपत नसेल असे शालुमो यांनी लिहिले आहे. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना नवे वाद्य घ्या असे सांगेन.

बारावा स्वर:

आपला अनुभव बोलका आहे, पण त्यातून ‘वापरलेले नको’ हा निष्कर्ष निघतो असे मला वाटत नाही. ‘परत करण्याची मुभा नसेल तर नको’ एवढाच निघतो. काही दिवस वाजवून पाहून परत करता आले असते, तर पहिल्या तालमीतच आपली सुटका झाली असती. नव्या वाद्यांतही एकाच नमुन्याच्या दोन नगांत फरक असतो, म्हणून मी तर नवे वाद्यसुद्धा मुभेशिवाय घेणार नाही.

बॅरल ओढल्यावर थ्रोट टोनच का उतरले, याचे कारण साधे आहे आणि पुढेही उपयोगी पडेल. थ्रोट टोन वाजताना हवेचा स्तंभ आखूड असतो, त्यामुळे एक मिलिमीटरची वाढ त्याच्या मानाने मोठी ठरते. खालच्या ई ला संपूर्ण नळी कामी येत असल्याने त्याला तीच वाढ नगण्य वाटते. म्हणून बॅरल एक-दोन मिलिमीटरपेक्षा अधिक ओढावे लागत असेल, तर लांब बॅरल घ्यावे. बी फ्लॅट वाद्याची बॅरले साधारण ६४ ते ६७ मिलिमीटरची मिळतात.

शालुमो:

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिलेले वहीत उतरवून घेतले आणि तीन वाद्ये एका आठवड्यासाठी मिळवली: नवे वायसीएल-४५०, बफेचे वापरलेले ई-१३ आणि एक एबोनाइटचे. माउथपीस तोच, रीड तीच, खोली तीच. प्रत्येक वाद्य दहा मिनिटे वाजवून गरम झाल्यावरच ट्यूनर लावला. मग मी पाठमोरी बसले आणि माझ्या भावाने त्याच्या मनाप्रमाणे वाद्ये बदलून माझ्या हातात द्यावीत असे ठरवले. मात्र हाताला लाकूड लगेच ओळखू येते, तेव्हा शेवटी आम्ही ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी क्रम न पाहता ऐकले.

साधी फुंक यांना ऐकून आनंद वाटेल: मध्यम आवाजातले लांब स्वर ऐकताना तिन्ही वाद्ये मला ओळखता आली नाहीत, भावालाही नाहीत. थ्रोटचा बी फ्लॅट तिन्हींवर जवळपास सारखाच, म्हणजे बेताचाच. फरक पडला तो दोन ठिकाणी. अगदी हळू आवाजात वरचा जी सुरू करताना ई-१३ वर तो श्वासाबरोबर उमटत होता. वायसीएल-४५० वर बहुतेक वेळा. एबोनाइटवर कधी कधी थांबून, मात्र त्याचे एक पॅड सैल असल्याची शंका मला नंतर आली, त्यामुळे त्याच्यावर अन्याय झाला असेल. दुसरी गोष्ट बाराव्या स्वरांची: एबोनाइटवर ती जुळणी सर्वांत सरस होती, ई-१३ तिच्या खालोखाल. वायसीएल-४५० वर खालचा एफ थोडा उतरत होता, तरी माझ्या जुन्या वाद्याच्या मानाने पुष्कळच बरा.

ई-१३ ची गळती मी स्वतः तपासली. वरचा जॉइंट उत्तम, खालचा दोन सेकंदांत सुटतो. अनुक्रमांक दोन्हीकडे सारखा, चीर नाही, पूल सरळ. कारागिराने खालच्या जॉइंटची चार पॅड आणि दोन कॉर्क बदलायचा अंदाज दिला, आणि तो राखून ठेवलेल्या पाचव्या हिश्शाच्या आतच बसतो. म्हणून ते घेण्याचे ठरवले आहे. एकदा फसलेला यांचे म्हणणे मी मनावर घेतले, आणि म्हणूनच परत करण्याची मुभा लेखी घेतली.

आता एकच प्रश्न. आधीच्या मालकाने हे वाद्य सुमारे सहा वर्षे पेटीतच ठेवले होते. वाद्यवृंदाच्या तालमी तीन-तीन तासांच्या असतात. ते लगेच नेले तर चालेल का?

कॉर्क आणि पॅड:

लगेच नेऊ नका. सहा वर्षे कोरडे राहिलेले लाकूड आणि नवे लाकूड यांत मी भेद करत नाही. फुंकेतला ओलावा आतून शोषला जातो, बाहेरची बाजू कोरडीच राहते, आणि दोन्हींच्या फुगण्यातल्या फरकानेच चीर जाते. पहिले दोन आठवडे दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे, मग दर आठवड्याला थोडा वेळ वाढवत न्या. तीन तासांची तालीम दीड महिन्यानंतर. तोवर तालमीला जुने प्लॅस्टिकचे न्या, ते आता दुरुस्त आहेच. दर वेळी वाजवून झाल्यावर कापड आतून दोनदा ओढा, टेननच्या खाचेतले पाणीही टिपून घ्या, कारण ते तिथेच साचते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. थंड वाद्यात जोरात गरम फुंक मारू नका. आधी वरचा जॉइंट काही मिनिटे हातात किंवा काखेत धरून ऊब द्या.

पेटीत आर्द्रतेची पुडी ठेवत असाल, तर तिच्यासोबत छोटा आर्द्रतामापकही ठेवा. पहिल्या महिन्यात टेनन घट्ट होऊन जॉइंट सुटायला जड जाऊ लागला, तर जोर लावून पिळू नका, तसाच माझ्याकडे किंवा आपल्या कारागिराकडे आणा. लाकूड फुगल्यामुळे तसे होते आणि टेनन किंचित घासून घेतले की ते मोकळे होते.

शालुमो:

काल पहिली पंधरा मिनिटे झाली. घड्याळ समोर ठेवून वाजवले आणि वेळ संपल्यावर ई-१३ पेटीत ठेवून उरलेला सराव जुन्या वाद्यावर केला. चार पॅडसाठी सोमवारी कारागिराकडे जाणार आहे.